होकार उद्याच्या भागात

5 ऑक्टोबर 1979 च्या दुपारी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'जनरल हॉस्पिटल' मालिकेचा रोजच्यासारखा भाग लागला. कॅम्पस डिस्को बंद करायची वेळ झालेली. आत दोघंच उरलेले, तिथला व्यवस्थापक ल्यूक स्पेन्सर आणि त्याच्या हाताखाली काम करणारी लॉरा. ल्यूक गुंडांच्या जाळ्यात अडकलाय आणि आपला जीव जाणार याची त्याला खात्री आहे. मागे हर्ब अल्पर्टचं 'राइज' हे वाद्यसंगीत वाजतंय. तो तिला नाचायला ओढतो. ती नको म्हणते, सोडायला सांगते. तो सोडत नाही आणि तिथेच, डिस्कोच्या जमिनीवर, तिच्यावर बलात्कार करतो. लॉरा दुसऱ्याची बायको होती. तिची भूमिका करणारी जेनी फ्रान्सिस तेव्हा 17 वर्षांची होती.

नोव्हेंबर 1981 मध्ये याच ल्यूक आणि लॉराचं याच मालिकेत थाटामाटात लग्न लागलं. सुमारे 3 कोटी लोकांनी ते पाहिलं. दुपारच्या अमेरिकी मालिकांच्या इतिहासात एवढा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्याच प्रसंगाला लाभलेला नाही. खुद्द एलिझाबेथ टेलर त्या भागांत पाहुण्या कलाकार म्हणून आल्या होत्या आणि 'न्यूजवीक'ने या जोडीला मुखपृष्ठ दिलं होतं.

मधल्या दोन वर्षांत काय घडलं, ते समजून घेतलं की छोट्या पडद्यावरच्या संमतीचं गणित बरंचसं उलगडतं. 1978 मध्ये ग्लोरिया मॉन्टी निर्मात्या म्हणून आल्या, तेव्हा मालिका बंद पडायच्या बेतात होती. ल्यूक आणि लॉरा पडद्यावर एकत्र आले की प्रेक्षक खिळून बसतात हे लक्षात आलं, आणि कथानक त्या दिशेने वळवलं गेलं. पण नायकाने नायिकेवर बलात्कार केलेला आहे, याचं करायचं काय? त्या रात्रीचं नावच हळूहळू बदलण्यात आलं. तो बलात्कार नव्हता, तिला मोहात पाडणं होतं, असा सूर लागला. पात्रंही तसंच बोलू लागली. तीच रात्र, तीच जमीन, तोच नकार, फक्त अर्थ नवा. मालिकेने त्या रात्रीकडे पुन्हा सरळ नजरेने पाहिलं ते थेट 1998 मध्ये. आपल्या बापाने आईवर बलात्कार केला होता हे दोघांच्या तरुण मुलाला कळतं आणि ल्यूकला उत्तर द्यावं लागतं. दरम्यान जेनी फ्रान्सिसला ऐन तारुण्याची वर्षं त्या प्रसंगाचं समर्थन करण्यात घालवावी लागली. आता ते करणार नाही, असं तिने पुढे उघडपणे सांगितलं.

टीव्हीवर बलात्कार दाखवला जातो, ही मुख्य तक्रार नव्हे. हिंसा जगात आहे, ती कथेतही येणार. तक्रार आहे ती संमतीला मागची तारीख घालून देण्याची. आज ती नाही म्हणाली, पण चाळीस भागांनंतर तिला तो आवडू लागला, म्हणजे तेव्हाही तिचं मन आतून तयारच होतं, अशी मांडणी. सिनेमाला दोन-अडीच तासांत हिशेब मिटवावा लागतो. मालिकेच्या हाताशी कायम उद्याचा भाग असतो. नायक कितीही चुकला तरी त्याला काढून टाकता येत नाही, कारण आकडे त्याच्यावर आहेत. मग त्याचं बालपण दुःखाचं ठरतं, त्याचा गैरसमज झालेला असतो, तिच्या आजारपणात तो रात्रभर जागतो. हे सगळं होईपर्यंत प्रेक्षकाने तिच्या वतीने माफी देऊन टाकलेली असते. शेवटी तिचा होकार येतो तेव्हा ती केवळ औपचारिकता उरते.

योगायोग असा की ल्यूक-लॉराच्या त्या 1979 च्या भागाच्या जेमतेम तीन आठवडे आधी भारतात एक पत्र लिहिलं गेलं होतं. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिने निमूट संमती दिली, असा त्या निकालाचा रोख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीपोटी शरण जाणं आणि राजी असणं यांत कायद्यानेही फरक आहे आणि साध्या व्यवहारबुद्धीनेही आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलन पेटलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. एकीकडे चार प्राध्यापक हा फरक न्यायसंस्थेला समजावत होते, तर दुसरीकडे दूरच्या एका देशातली मालिका तोच फरक लाखो घरांत पुसून टाकत होती. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण प्रश्न एकच होता. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी लावायचा?

तुर्की मालिका 'फातमागुल' भारतात 2015 मध्ये झिंदगी वाहिनीवर हिंदीत आली, तेव्हा महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत ती पाहिली गेली. मूळ मालिका 2010 ते 2012 या काळातली. गावातल्या एका तरुणीवर धनिकांच्या मुलांचं टोळकं सामूहिक बलात्कार करतं आणि प्रकरण दडपण्यासाठी त्याच टोळक्यातल्या केरीमशी तिचं लग्न लावून दिलं जातं. पुढे ती त्याच्या प्रेमात पडते. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की त्याची शिक्षेतून सुटका करणारी तरतूद तुर्कस्तानच्या कायद्यात 2005 पर्यंत होती, हे ध्यानात घेतलं तर ही गोष्ट कुठल्या जखमेवर बोट ठेवते ते कळतं. या मालिकेला सरसकट झोडपणं अन्यायाचं होईल. फातमागुल गप्प बसत नाही. ती कोर्टात जाते, साक्ष देते, गावाच्या नजरेला नजर भिडवते. दूरचित्रवाणीवर एवढ्या धीराची पीडिता क्वचितच दिसली असेल. पण प्रेमकथा तर हवीच आहे. मग लेखकांना केरीमला धुऊन काढावं लागतं. त्या रात्री तो नशेत तिथे होता, पण प्रत्यक्ष बलात्कार त्याने केला नव्हता, असं कथेत पुढे येतं. बलात्कारी नायक होऊ शकत नाही, हे मालिकेला कळतंय. फक्त हे कळल्यावर तिने नायक बदलला नाही, त्याचा गुन्हा कमी करून टाकला.

आपल्याकडूनही तिकडे काही गेलं आहे. 2011 मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेली 'इस प्यार को क्या नाम दूँ' तुर्कस्तानात तुर्की नावाने अफाट चालली. त्यातला अर्णव हा खुशीला तिच्या बहिणीचा संसार मोडण्याची धमकी देऊन, रात्रीच्या वेळी देवळात नेऊन, सहा महिन्यांच्या कराराने लग्न करायला लावतो. यात लैंगिक बळजबरी नाही, पण संमतीचा मागमूसही नाही. बहिणीचा संसार पणाला लागलेला असताना दिलेला होकार हा होकार कसा? प्रेक्षकांच्या मनात मात्र हे लग्न जोडीच्या प्रेमप्रवासातला एक थरारक टप्पा म्हणून कोरलं गेलं. अर्णवचा संताप, त्याने हात धरून खेचणं, भिंतीशी अडवून उभं राहणं, हे सगळं मंद गतीत, पार्श्वसंगीतासह, प्रेमाची खूण म्हणून येत राहिलं. अडवलेल्या मुलीचा श्वास फुललेला दिसतो. तो भीतीनेही फुलतो आणि ओढीनेही. कॅमेरा दोन्हींत फरक करत नाही. संगीत सांगतं की ही ओढ आहे, आणि बघणारा ते मान्य करतो.

मराठी मालिकांनी हा रगेल नायक तितकासा उचलला नाही. इथला लाडका नायक समंजस असतो. 'जुळून येती रेशीमगाठी'मधल्या मेघनाचं दुसऱ्यावर प्रेम असताना वडिलांच्या धाकाने आदित्य देसाईशी लग्न होतं. ती त्याला सगळं सांगते आणि तो तिच्या मनाविरुद्ध पुढे जात नाही, उलट मदत करायचं वचन देतो. ही मालिका घराघरांत आवडली ती या सभ्यतेमुळेच, आणि ते आवडणं रास्तही होतं. अर्णवच्या शेजारी ठेवला तर आदित्य फार मोठा माणूस वाटतो. तरीही एक खटकणारी गोष्ट तिथेच आहे. बायकोला हात न लावणं हा त्याचा मोठेपणा म्हणून दाखवला जातो, तिचा हक्क म्हणून नव्हे. तो चांगला आहे म्हणून ती सुरक्षित आहे. चांगला नसता तर? तो प्रश्न मालिकेला विचारावाच लागत नाही, आणि ज्या लग्नाला तिने मनापासून हो म्हटलंच नव्हतं, ते लग्न शेवटी योग्य ठरतं. तिचं आधीचं प्रेम कच्चं होतं आणि वडिलांचा धाक द्रष्टा होता, असा हिशेब जुळतो. वडिलांना कोणी जाब विचारत नाही.

लग्नातल्या नकाराचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं होतं. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. आजच्या कायद्यातही लग्नाच्या आतला नकार अर्धवटच ऐकला जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि तिला अपवाद आहे: अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. याच प्रश्नावर मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

कायद्याआधी मालिकेने हा प्रश्न उचलल्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. 1967 मध्ये बीबीसीने गॉल्सवर्दींच्या कादंबऱ्यांवर 'द फॉरसाइट सागा' ही 26 भागांची मालिका केली. त्यात सोम्स आपली पत्नी आयरीन हिच्यावर बळजबरी करतो, आणि तो प्रसंग पाहून देशभर वाद झडला. नवऱ्याने बायकोवर बलात्कार करणं ही गोष्ट तिथल्या कायद्याला तेव्हा मान्यच नव्हती. एरिक पोर्टरने सोम्स इतका माणूस म्हणून उभा केला होता की बऱ्याच प्रेक्षकांना त्याचीच कीव आली. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने नवऱ्यांचं हे संरक्षण काढून घेतलं ते 1991 मध्ये, मालिकेनंतर चोवीस वर्षांनी. भारतात हॉटस्टारवरच्या 'क्रिमिनल जस्टिस: बिहाइंड क्लोज्ड डोअर्स'ने 2020 मध्ये हेच दार ठोठावलं. नावाजलेल्या वकिलाची बायको त्याला भोसकते आणि मग बोलतच नाही. ती का बोलत नाही, याभोवती सगळं कथानक फिरतं. कीर्ती कुल्हारीने ती मुकाट, थिजलेली बाई फार ताकदीने केली आहे. जे सोसलं त्याला कायद्याने नावच दिलेलं नाही, तर ती कोर्टात सांगणार तरी काय?

मोठ्या खर्चाच्या, 'दर्जेदार' म्हणून गौरवल्या गेलेल्या मालिकांची कथा फार वेगळी नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये एप्रिल 2014 च्या एका भागात जेमी आपल्या मुलाच्या शवाशेजारी सर्सीवर बळजबरी करतो. ती अखेरपर्यंत नको म्हणत राहते. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स ग्रेव्हज यांनी नंतर सांगितलं की शेवटी शेवटी त्यात दोघांची राजीखुशी येते. पडद्यावर तिचा नकार आहे, आणि होकार आहे तो दिग्दर्शकाच्या मनात. पुढच्या वर्षी, मे 2015 मध्ये, सान्साच्या लग्नाच्या रात्री रॅमसे तिच्यावर बलात्कार करतो तेव्हा कॅमेरा तिच्यावरून हटतो आणि बळजबरीने बघायला उभ्या केलेल्या थिऑनच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतो. काहींनी याला संयम म्हटलं. पण त्या चौकटीत वेदना कुणाची आहे ते पाहावं. अत्याचार तिच्यावर होतोय आणि अश्रू आपण त्याचे बघतोय. 2019 च्या शेवटच्या पर्वात तर सान्साच्या तोंडी असा आशय घातला गेला की हे सगळं सोसलं नसतं तर ती आयुष्यभर लहानसं पाखरूच राहिली असती. बलात्काराने बाई कणखर होते, हे ल्यूक-लॉराच्या हिशेबाचंच दुसरं रूप. तिथे नंतरचं प्रेम आधीच्या बळजबरीला पवित्र करून घेतं, इथे नंतरचं कर्तृत्व.

या टीकेवर एक उत्तर हमखास येतं: लेखकाचे हात बांधू नका. ते बांधू नयेतच. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली तेव्हा कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात लढून ती उठवून घेतली, आणि ते योग्यच झालं. त्याच नाटकातली चंपा पाहावी. नवऱ्याला सोडून आलेली, डोक्यावर छप्पर नाही. सखाराम आसरा देतो आणि मोबदल्यात शरीर मागतो. रात्र सोसावी म्हणून ती दारू मागते. ती हो म्हणते, पण त्या होकाराची किंमत काय आहे ते दारूच्या प्रत्येक घोटात प्रेक्षकाला दिसतं. तेंडुलकरांनी या व्यवहाराचं पुढे प्रेम होऊ दिलं नाही. 1972 मध्ये मराठी रंगभूमीला जे जमलं, त्यासाठी सेन्सॉरची नव्हे, नजरेची गरज होती.

ती नजर अलीकडे टीव्हीवरही दिसू लागली आहे. 'ब्रॉडचर्च'चं 2017 चं तिसरं पर्व बलात्काराने नव्हे तर तक्रारीने सुरू होतं. ट्रिश नावाची मध्यमवयीन बाई पोलिसांकडे आली आहे आणि बराच वेळ आपण केवळ तिची वैद्यकीय तपासणी बघतो. कपडे पिशव्यांत जातात, नमुने घेतले जातात, जखमांचे फोटो काढले जातात. आवाज खालच्या पट्टीतले, हालचाली संथ. तिचं सौंदर्य, तिचं वय, तिने काय घातलं होतं, यातल्या कशालाही तिथे महत्त्व नाही.

पण या विषयावरची सर्वांत धीट कलाकृती मायकेला कोलची 'आय मे डिस्ट्रॉय यू' ही 2020 ची बारा भागांची मालिका. खुद्द कोलवर लैंगिक हल्ला झाला होता आणि तो तिने 2018 मध्ये एडिंबरात दिलेल्या व्याख्यानात जाहीरपणे सांगितला होता. मालिकेतल्या अराबेलाच्या पेयात कोणी काही मिसळतं आणि तिच्यावर बलात्कार होतो. तिला आठवतो तो फक्त एक तुकडा, वरून खाली बघणारा एक पुरुषी चेहरा. पण कोल तेवढ्यावर थांबत नाही. झेन नावाचा सहलेखक अराबेलाशी राजीखुशीने संबंध ठेवताना तिला न सांगता निरोध काढून टाकतो. तिला राग येतो, पण ती विषय सोडून देते. नंतर तिला कळतं की हा गुन्हा आहे, आणि भर कार्यक्रमात, लोकांसमोर, ती त्याचं नाव घेते. तिचा मित्र क्वामे याची गोष्ट आणखी अवघड आहे. एका पुरुषाशी तो स्वेच्छेने संबंध ठेवतो आणि थोड्याच वेळाने तोच पुरुष त्याच्यावर बळजबरी करतो. पोलीस ठाण्यात समोरच्या अधिकाऱ्याला हे नीट ऐकून घेताही येत नाही. शाळेत असताना खोटा आरोप केलेली मुलगीही या कथेत आहे, आणि तिच्यावर त्याआधी काय बेतलं होतं तेही आहे. स्त्रीवादी मालिका अशी पात्रं टाळतात हा आक्षेप कोलने स्वतःच निकालात काढला.

जुन्या मालिकांत काळ पुढे सरकला की बलात्काराचा होकार व्हायचा. कोलकडे काळ पुढे सरकतो तसं, जे किरकोळ म्हणून सोडून दिलं होतं त्याचं खरं रूप कळतं. मालिकेच्या लांबीचा उपयोग इथे पीडितेला होतो, नायकाला नाही. नकार ओळखायला माणसाला वेळ लागू शकतो, स्वतःचा नकारसुद्धा. न्यायालयांनाही हे पचवणं जड जातं. 2013 च्या सुधारणेनंतर आपल्या कायद्यात संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, असं नोंदलं गेलं. तरीही 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निकालात, दुबळ्या नकाराचा अर्थ कधी होकारही असू शकतो, असं म्हणत आरोपीला संशयाचा फायदा दिला.

विचारून घेतल्याने शृंगाराची मजा जाते, हा आणखी एक समज. 'नॉर्मल पीपल' या 2020 च्याच आयरिश मालिकेत कॉनेल पहिल्या वेळी मॅरिअ‍ॅनला सांगतो की तुला थांबावंसं वाटलं तर आपण थांबू. तो प्रसंग त्या वर्षीच्या सर्वांत उत्कट प्रणयप्रसंगांत मोजला गेला. 'नॉर्मल पीपल' आणि 'आय मे डिस्ट्रॉय यू' या दोन्ही मालिकांच्या सेटवर ईटा ओब्रायन होत्या. जवळिकीचे प्रसंग नटांशी बोलून, एकेक हालचाल ठरवून, मर्यादा आधीच नक्की करून बसवणं हे त्यांचं काम. एचबीओने 2018 पासून आपल्या अशा सगळ्या मालिकांसाठी असे समन्वयक सक्तीचे केले. 2021 मध्ये बाफ्टा स्वीकारताना कोलने ते पारितोषिक ओब्रायन यांना अर्पण केलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वात अशी व्यवस्था नव्हती. तेव्हा नवख्या असलेल्या एमिलिया क्लार्कने त्या चित्रीकरणाच्या दिवसांत आपण कसे रडलो, हे पुढे सांगितलं आहे.

आपल्या दैनंदिन मालिकांच्या सेटवर संवादांची पानं पुष्कळदा चित्रीकरणाच्या दिवशीच हातात पडतात. आज नायकाने तुझा हात पिरगळायचा आहे, आज त्याने तुला खोलीत कोंडायचं आहे, हे नटीला मेकअपच्या खुर्चीत कळतं. विचार करायला वेळ नाही, नाही म्हणायची सोय त्याहून कमी, कारण भाग रात्री जायचा असतो आणि भूमिका बदलून टाकणं वाहिनीला अवघड नाही. पडद्यावर संमती नीट लिहिली जावी असं वाटत असेल तर सुरुवात याच खुर्चीपासून करावी लागेल. पानं एक दिवस आधी द्यायची, आणि प्रसंग लिहिणाऱ्याने तो करणारीशी आधी बोलायचं. याला ना मोठा खर्च लागतो, ना परदेशी तज्ज्ञ.